डावा ब्रेक, उजवा ब्रेक

४ जानेवारी

आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायचं नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

गाडी काल मंडईच्या उतारावर थांबली नाही. म्हणजे थांबली, पण मी ठरवलेल्या जागी नाही. ट्रॅफिक हवालदाराच्या स्टुलाला टेकून थांबली. हवालदार त्या वेळी स्टुलावर नव्हता, ही देवाची कृपा. तो कुठेच नव्हता, ही व्यवस्थेची कृपा.

बायको शेजारी होती. दार उघडून उतरली, भाजीची पिशवी घेतली आणि चालू लागली. मी गाडी हळूहळू तिच्या मागून आणत होतो, तर वळून म्हणाली, अहो, निदान माझ्या मागून तरी येऊ नका.

घरी आल्यावर म्हणाली, मी या गाडीत पुन्हा बसणार नाही. शपथ घेतली नाही, आवाज चढवला नाही, कणीक मळता मळता म्हणाली. तिने शपथ घेतली असती तर मला एवढी काळजी वाटली नसती.

फेब्रुवारीच्या बावीस तारखेला सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होतात. त्यांचं घर डोंगरापलीकडे. आधी चढ, मग नुसता वळणावळणांचा उतार. दरवर्षी आम्ही दोघं गाडीने जातो. रस्ताभर ती बोलते आणि मी ऐकतो. एरवी दुकानात मी आणि घरात टीव्ही, आमचं बोलणं म्हणजे मीठ संपलंय आणि गॅस आलाय. वर्षातून तो एक रस्ता आमचा असतो. यंदा ती म्हणते, मी बसने जाईन, तुम्ही या तुमचे.

संकल्प: बावीस तारखेच्या आत गाडीला असे ब्रेक बसवायचे, की ती आपण होऊन शेजारी येऊन बसेल.

६ जानेवारी, सकाळी

प्रार्थना झाली. मन शांत आहे. शांत मनाला जे सुचतं ते सहसा बरोबर असतं.

विचार असा. गाडी जुनी आहे, पण इंजिन ठणठणीत. दोष फक्त थांबण्यात. पुढच्या प्रत्येक चाकामागे लोखंडी तबकडी असते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की एक चिमटा ती तबकडी दोन्ही बाजूंनी आवळतो, त्याला कॅलिपर म्हणतात. याच कंपनीच्या नव्या मॉडेलमध्ये तबकडी मोठी आणि चिमटा जाड आहे. तो काढून आपल्या गाडीला लावायचा. घराणं एकच. रक्तगट जुळणारच.

मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे आपली आपण ब्रेक मारणारी गाडी आहे, त्यामुळे त्याला विचार करायची सवय राहिलेली नाही. म्हणाला, भावोजी, आजोबांना नातवाचे दात बसवताय. म्हणाला, विकून टाका. मी विचारलं, घरातलं माणूस म्हातारं झालं म्हणून विकतात का? तर म्हणाला, गिऱ्हाईक आलं तर विचार करावा.

किळस आली. फोन ठेवला.

११ जानेवारी

भंगारबाजार. असली जागा देवाने का निर्माण केली, असं मनात आलं, पण ती देवाने केलेली नाही. पायाखाली ऑइलचा काळा चिखल. फाटक्या सीटमध्ये उंदरांचे संसार. मालकाला सगळे शेठ म्हणतात. शेठ गाडीच्या किल्लीने कान कोरत होता. कोरून झाल्यावर तीच किल्ली शर्टाला पुसली आणि तोच हात माझ्यापुढे केला. मी लांबूनच नमस्कार केला. संस्कार उपयोगी पडतात ते असे.

त्याने चहा मागवला. चहावर तवंग होता आणि तवंगात सात रंग होते. प्यायलो. अन्नाला नाही म्हणू नये.

नवं मॉडेल मिळालं. शेठ म्हणाला, पुढून जरासं लागलंय. पुढचा भाग नव्हताच, पण चाकं जागेवर होती. शेठने दोन्ही चाकांमागच्या तबकड्या आणि चिमटे काढून दिले. एका चिमट्यावर खडूने L लिहिलं, दुसऱ्यावर R.

संध्याकाळी मेव्हणा घरी आला होता. त्याने विचारलं, भावोजी, त्या गाडीचे ब्रेक इतके चांगले होते, तर ती भंगारात कशी गेली? बायको आत जाऊन हसली. मी त्याला शांतपणे सांगितलं की ब्रेक दाबावा लागतो. न दाबणाऱ्याच्या कर्मात ब्रेकचा वाटा नसतो.

तो पोळी मागायला आत गेला.

१२ जानेवारी, दुकानात

आज एक मोठी चूक वेळेत पकडली. लिहून ठेवतो.

माझं रबरी शिक्क्यांचं दुकान. सगळं आयुष्य मी उलटी अक्षरं कापत आलो. शिक्क्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं. हे माझ्या हाडात मुरलंय. आमच्या गावच्या शाळेत कवायतीचे गुरुजी आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि उजवा हात वर म्हणताना स्वतःचा डावा हात वर करायचे, म्हणजे आम्हा पोरांचा उजवा वर जाईल. एवढी दृष्टी असलेले शिक्षक आता नाहीत.

आता शेठचं बघा. तो त्या गाडीच्या समोर उभा राहून काम करत होता. गाडीचं तोंड त्याच्याकडे. म्हणजे त्याच्या डाव्या हाताला असलेलं चाक हे गाडीचं उजवं. त्याने ज्याच्यावर L लिहिलं तो खरा उजवा! कान कोरणाऱ्या माणसाला हे कुठून सुचणार?

खडू पुसून टाकला. 'डावा' आणि 'उजवा' असे दोन सुबक शिक्के केले, जाड कागदावर उमटवले आणि चिठ्ठ्या चिमट्यांना दोऱ्याने बांधल्या. अक्षर फार छान उठलंय. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, लग्नाची पत्रिका वाटते.

१५ जानेवारी

गाडी मिस्त्रीकडे दिली. त्याला काहीही विचारा, होऊन जाईल म्हणतो. ब्रेक होतील का? होऊन जाईल. कधी? होऊन जाईल. शेंगदाणे खातो आणि सालं इंजिनात टाकतो. मी एकेक वेचून काढली. नखांत इतकी घाण की तिला वय असावं.

चिठ्ठ्या पाहून म्हणाला, साहेब, नावं टाकून दिलीत, आता डोकं चालवायला नको. बरं वाटलं. चोख काम दुसऱ्यालाही आराम देतं.

१६ जानेवारी

किरकोळ अडचण. नवी तबकडी मोठी, त्यामुळे जुनं चाक तिच्यावर बसत नाही. मोठी चाकं लागतील.

मेव्हणा म्हणाला, पायाला बूट होईना, म्हणून बुटाला नवा पाय. त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही. फक्त लिहून ठेवतो.

१७ जानेवारी

पुन्हा शेठकडे. पुन्हा चहा.

२१ जानेवारी

मोठी चाकं बसली. पूर्ण वळवल्यावर ती पत्र्याला घासतात. मिस्त्रीने विचारलं, पूर्ण वळवता का तुम्ही? मी विचार केला. माणूस आयुष्यात पूर्ण असा किती वेळा वळतो? तरी पत्रा आतून ठोकून घेतला. बाहेरून टेंगळं आली आहेत. बायको म्हणाली, गाडीला गालगुंड झालंय.

चिमटे बसले. एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी. प्रत्येक चिमट्याला एक छोटा स्क्रू असतो. तो सैल केला की आत अडकलेली हवा आणि जुनं ब्रेक ऑइल बाहेर येतं. आमच्या जुन्या ब्रेकला तो वरच्या अंगाला होता. नव्याला खालच्या अंगाला आला आहे. कंपनीने केवढा विचार केलाय! घाण नेहमी खाली बसते, म्हणून तोंड खाली. मिस्त्रीला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, असेल.

२३ जानेवारी

ब्रेक लागत नाहीत.

म्हणजे लागतात, पण पेडल जमिनीपर्यंत जातं. पाय लोण्यात रुतावा तसं. मिस्त्री म्हणतो, नळीत हवा आहे, काढावी लागेल. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली स्क्रू सोडायचा, हवा बुडबुड करत बाहेर येते. होऊन जाईल.

२६ जानेवारी

हवा काढली.

२७ जानेवारी

हवा काढली.

३० जानेवारी

मिस्त्री म्हणाला, साहेब, गेल्या जन्मी तुमची गाडी फुगा होती. ब्रेक ऑइलला कुजक्या माशासारखा वास येतो आणि तो हातावरून जात नाही. जेवताना येतो. प्रार्थनेत हात जोडले की नाकाशीच येतो. आज देवापुढे मान वळवून प्रार्थना केली. देव समजून घेईल. बायको समजून घेत नाही. तिने माझा टॉवेल वेगळा टांगला आहे.

३ फेब्रुवारी

मिस्त्रीने हात टेकले. म्हणाला, गाडी घरी न्या, रोज सकाळी थोडी थोडी हवा काढा, कधीतरी संपेल. गाडी दोरीने ओढून आणली. आख्खी गल्ली बघत होती. मी सरळ समोर पाहिलं.

संयम ठेवायचा. हवा ही देवाने अमाप दिली आहे, पण एका नळीत किती मावणार?

५ फेब्रुवारी

हवा काढायला दोन माणसं लागतात. मेव्हण्याला बोलवायचं नाही असं ठरवलं. ठरवण्याआधी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, पाठ धरलीय. पाठ हसत होती.

७ फेब्रुवारी, रविवार

मोठा दिवस. बायको गाडीत बसली!

गाडी उभी होती हे खरं, इंजिन बंद होतं हेही खरं, पण बसली. ड्रायव्हरच्या सीटवर. मी खाली आडवा, ती वर पेडलवर. मी म्हणायचं दाब, तिने दाबायचं. मी म्हणायचं धर, तिने धरायचं. मी म्हणायचं सोड, तिने सोडायचं. ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुमचं सगळं ऐकतेय, मजा येते का?

येत होती.

थोड्या वेळाने मी दाब म्हणालो तर काही झालं नाही. बघतो तर ती उतरून चाकापाशी उकिडवी बसलेली. म्हणाली, हवा वर जाते की खाली? मी म्हणालो, वर. म्हणाली, मग तोंड खाली कसं? कुकरची शिट्टी झाकणाला असते, बुडाला नसते.

मी तिला घाणीचा सिद्धांत सांगितला. तिने ऐकून घेतला. मग म्हणाली, तुमचा डावा उजवीकडे गेलाय आणि उजवा डावीकडे. अदलाबदल केली तर दोन्ही तोंडं वर येतील. अहो, डावं-उजवं कळत नाही असं आम्ही लहान पोरांना म्हणतो.

चिमटे दोन्ही बाजूंना बसतात, ही कंपनीची घोडचूक आहे. असे नग बनवणाऱ्यांना काय म्हणावं! शेठने खडूवर थोडा जोर देऊन लिहिलं असतं, तर माणसाने पुसायच्या आधी विचार केला असता.

चिठ्ठ्या काढून टाकल्या. शिक्के चांगले आहेत, ते ठेवले.

९ फेब्रुवारी

मिस्त्रीने चिमट्यांची अदलाबदल केली. हवा एका दमात निघाली. पेडल दगडासारखं कडक. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हणालो, चिठ्ठ्या वाचायच्या असतात, पण त्यांच्यावर विसंबून राहायचं नसतं.

गाडी थांबते! कोपऱ्यावर दाबला आणि मागच्या स्कूटरवाल्याने माझ्या सात पिढ्यांचं नाव घेतलं. इतके चांगले ब्रेक.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. बसते म्हणाली नाही. बसचं तिकीट काढते असंही म्हणाली नाही.

१० फेब्रुवारी

काम इथेच थांबवावं असं मिस्त्रीचं मत. माझं नाही. ब्रेकच्या पेडलमागे एक पंप असतो, मास्टर सिलिंडर. पेडल एका दांड्याने त्याला ढकलतं आणि तो ऑइलवर दाब देतो. चिमटे नवे आणि मास्टर जुना, हे म्हणजे नव्या कारखान्यावर जुना मॅनेजर. मिस्त्री म्हणाला, साहेब, चाललंय ते चालू द्या, नव्या मास्टरचा दांडा लांब असतो. मी म्हणालो, लांबच चांगला, दूरवर पोचेल. अर्धवट काम देवाला आवडत नाही.

पुन्हा शेठ. या वेळी चहाला नाही म्हणालो. शेठला वाईट वाटलं. त्याने दुप्पट साखर घालून दुसरा मागवला.

१४ फेब्रुवारी

नवा मास्टर बसला. पायाने नुसता विचार केला तरी गाडी थांबते. बोटभर दाबलं की कपाळ काचेला. हे खरे ब्रेक.

१७ फेब्रुवारी

निरीक्षणं. गाडी जरा जड चालते. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली तरी घरंगळत नाही, जागची हलत नाही. याला म्हणतात सुरक्षितता. फिरून आल्यावर पुढच्या चाकांना जळक्या रबराचा वास येतो. शिक्के भाजताना असाच येतो. मला तर तो घरचाच वाटला.

मेव्हणा वास घेऊन म्हणाला, भावोजी, हे जळतंय. मी म्हणालो, नवं आहे. तो म्हणाला, भंगारातून आणलेलं नवं? या मुलाशी बोलण्यात अर्थ नाही.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी

बायको गॅलरीत कपडे काढत होती. मी खाली गाडी जोरात आणली आणि बरोबर तिच्या खाली थांबवली. एक इंच पुढे नाही. पुन्हा मागे नेली, पुन्हा आणली, पुन्हा थांबवली. असं चार-पाचदा. वरून ती म्हणाली, पुरे, लोक बघताहेत.

जेवताना म्हणाली, आईसाठी शाल घेतलीय, बसमध्ये चुरगळेल. मी पुढचा घास गिळला नाही. मग ती म्हणाली, चढापर्यंत बसते. उतार आला की बघू.

देवापुढे बराच वेळ बसलो. काही मागितलं नाही. फक्त बसलो. हाताचा वास गेला आहे.

२२ फेब्रुवारी, सकाळी सात

निघतोय. ती पुढे बसली आहे. शाल मांडीवर. तिने आरसा स्वतःकडे वळवून केस नीट केले आणि परत माझ्याकडे वळवला. लिहायला वेळ नाही.

२२ फेब्रुवारी, दुपारी, बसमध्ये. अक्षर हलतंय.

चढाच्या निम्म्यावर गाडी जड झाली. पहिल्या गिअरमध्येही नको म्हणू लागली. बायको शेजाऱ्यांच्या भांडणाचं सांगत होती, ती मधेच थांबली आणि म्हणाली, अहो, धूर. दोन्ही पुढच्या चाकांतून निळा धूर. मी ब्रेकवरून पाय काढला. तो ब्रेकवर नव्हताच. ब्रेक आपला आपण लागला होता आणि सोडायला तयार नव्हता.

रस्त्यावरच्या चार जणांनी ढकलून पाहिलं. एक जण म्हणाला, काका, ब्रेक काढा. मी म्हणालो, काढलाय. तो म्हणाला, मग लावलात कधी?

मिस्त्रीला फोन. म्हणाला, साहेब, तो लांब दांडा. पाय काढला तरी तो दाबूनच धरतो. तापलं की आणखी आवळतो. थंड झाल्यावर सुटेल. मी विचारलं, कधी थंड होईल? म्हणाला, होऊन जाईल.

ज्या ब्रेकने माणसाला असं तोंडघशी पाडावं, त्याच्याबद्दल काय लिहायचं? शेठ, मिस्त्री, कंपनी, दांडा, सगळ्यांचीच शिसारी आली. मी कठड्यावर बसलो. बायको म्हणाली, आई जेवायची थांबली असेल. मी म्हणालो, तू जा. मी गाडीपाशी थांबतो.

बस आली. तिने हात केला. चढली आणि पायरीवरूनच म्हणाली, चला. मी म्हणालो, गाडी? म्हणाली, तिला काही होत नाही. ती कुठे जाणारेय? कंडक्टर म्हणाला, काका, ठरवा लवकर, आम्हाला थांबून चालत नाही.

चढलो.

सीटचा फोम कोणीतरी नखांनी उकरलाय. खिडकी खडखडते. पुढच्याच्या डोक्याचं तेल काचेवर उमटलंय. आम्हाला दोघांची सीट मिळाली. ती खिडकीशी, मी शेजारी. तिने शेजाऱ्यांचं भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुढे सांगितलं. मग आईच्या गुडघ्यांचं. मग भावाचं. मी ऐकत होतो. चढ संपेपर्यंत बोलली आणि उतार सुरू झाला तशी मान टेकवून झोपली.

मघाशी वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. माझं डोकं पुढच्या दांड्यावर आपटलं. वरची एक बॅग खाली पडली. कोणाचं तरी मूल रडलं.

ती जागीसुद्धा झाली नाही.